कोरडी हवा, ओलं फडकं

मेच्या पहिल्या आठवड्यात भावाचा पुण्याहून फोन आला. "दोघांना पंधरा दिवस तुझ्याकडे पाठवू का? इथे नुसते मोबाईलला चिकटून बसलेत." मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र पोटात गोळा आला. मे महिन्यातलं सोलापूर, पारा 42-43 च्या घरात, आणि नळाला पाणी रोज येत नाही. आमच्या कूलरला दिवसाला तीन-चार बादल्या लागतात. तेवढं पाणी मी स्वयंपाकाला आणि अंघोळीला पुरवून धरते. तेव्हा कूलर लावायचा नाही, हे आधी ठरलं. गाडी काढून महाबळेश्वर गाठणंही जमणार नव्हतं. तीन पोरं होती. भाची तेरा वर्षांची, भाचा दहाचा, आणि माझी लेक अकराची. त्यांना घेऊन याच गावात, याच उन्हात पंधरा दिवस आनंदात काढायचे होते. ते कसे निघाले ते सांगते, कारण सुरुवात फार वाईट झाली होती.

पहिल्याच रविवारी आम्ही सायकलींवरून संभाजी तलावाला गेलो. जुनी माणसं त्याला अजून कंबर तलावच म्हणतात. आवरून निघेपर्यंत साडेसात झाले. तलावावर पोरं रमली, पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते ते बघत राहिली, आणि परत फिरायला दहा वाजले. विजापूर रस्त्यावर सावली अशी नाहीच. अर्ध्या वाटेत भाच्याने सायकल थांबवली आणि म्हणाला, "आत्या, नाकातून काहीतरी येतंय." बघते तर घोळणा फुटलेला. शर्टावर रक्त, पोरगं घाबरलेलं, माझे हात थरथरायला लागलेले.

कडुलिंबाखाली एक रसवंती होती. तिथल्या मावशींनी बघितलं आणि काही न विचारता बाकडं मोकळं केलं. त्याला बसवला, मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायला लावला. मावशींनी खांद्यावरचा टॉवेल माठाच्या पाण्यात बुडवून पिळला आणि त्याच्या डोक्यावर, मानेवर ठेवला. दहाएक मिनिटांत रक्त थांबलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, या वेळेला पोरांना घेऊन निघतात होय? पाचाला निघा की. आठाच्या आत घरात." आवाजात राग नव्हता, काळजी होती. तो ओला टॉवेल त्यांनी त्याच्या डोक्यावरच राहू दिला. संध्याकाळी मी धुऊन परत नेऊन दिला.

त्या दुपारी मी खूप विचार केला. मी इथेच वाढले. आमच्या लहानपणी कूलर नव्हता, फ्रीज नव्हता, आणि उन्हाळा आवडायचा. मग आता काय झालं? शेजारच्या आजोबांकडे गेले. ते गिरणीत होते. म्हणाले, "अगं, आमचा दिवस भोंग्यावर चालायचा. भोंगा पहाटे वाजायचा, गाव उठायचं. बारा ते पाच कोण कशाला बाहेर जातंय? रात्री सगळे अंगणात, गच्चीवर. उन्हाळ्याचा दिवस दोन तुकड्यांत जगायचा असतो, मधला तुकडा झोपेचा." मग एक वाक्य बोलले ते मला फार पटलं. "आपल्याकडची हवा कोरडी आहे ना, तीच आपली सोय आहे. ओलं फडकं टांगलं की थंडावा. मुंबईवाल्याला हे जमत नाही."

घरी येऊन मी वेळापत्रक बदललं. साडेचारला उठायचं, पाचला बाहेर, साडेसातला परत. दुपारी दारं-खिडक्या बंद. संध्याकाळी सहानंतर पुन्हा बाहेर. मोबाईलला मी बंदी केली नाही. पहाटे साडेचारला उठलेलं पोर दुपारी मोबाईल हातात घेऊनच झोपतं.

दुसऱ्या दिवशी कुंभार वेशीतून नवा माठ आणला. पोरांना बोटाच्या पेराने वाजवून बघायला लावला, कारण बद्द आवाज आला तर तडा असतो आणि खणखणीत आला तर माठ पक्का. रंगवलेले, नक्षीचे माठ दिसायला सुंदर होते आणि लेकीला एक फार आवडला होता. कुंभारमामांनीच सांगितलं, रंगाने मातीची भोकं बुजतात, पाणी पाझरत नाही आणि गारही होत नाही. साधा तांबडा घेतला. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला, पहिले दोन दिवसांचं पाणी झाडांना घातलं, मातीचा वास ओसरला. मग खिडकीपाशी तिवईवर ठेवून भोवती ओलं फडकं गुंडाळलं. भाच्याने तिसऱ्या दिवशी माठाला गाल लावला आणि विचारलं, "याला घाम येतोय का?" हो, घामच. पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. कोकणात हवाच दमट, तिथे हा घाम वाळत नाही. आमच्याकडे तो क्षणात वाळतो, म्हणून सोलापूरच्या माठाचं पाणी दात शिवशिवतील इतकं गार.

तीच युक्ती खिडक्यांना केली. घरात सोलापुरी चादरी आणि टॉवेल भरपूर, पश्चिमेच्या खिडक्या तेवढ्या उघड्या ठेवून त्यातल्या दोन जुन्या चादरी त्यांवर टांगल्या आणि दुपारी बाराला भिजवल्या. पाणी नळाचं नाही, कपडे खळबळलेलं शेवटचं. वारा आला की खोलीत वळवाच्या आधी येतो तसा वास यायचा. पंखा एकावर. भाची, जी पहिल्या दिवशी "एसी नाही?" म्हणून माझ्याकडे बघत राहिली होती, ती चौथ्या दिवसापासून त्या चादरीखाली सतरंजी टाकून वाचत पडायला लागली.

दुपारचं बाकी फार सांगण्यासारखं नाही. पत्ते, सागरगोटे, चिंचोके, झोप. ताक दोनदा.

आंबील मात्र सांगायला हवी. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी पाण्यात शिजवायचं, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालायचा, निवली की पुन्हा पातळ ताक आणि बारीक कांदा. फेरफटका मारून आलेल्या पोरांनी वाटीभर आंबील उभ्याउभ्या प्यायची. पहिल्या दिवशी तिघांनी तोंडं वाकडी केली. आठव्या दिवशी पातेलं खरवडायला भांडत होती. बाटलीतली सरबतं त्या पंधरा दिवसांत घरात आली नाहीत. उसाचा रस प्यायलो तो त्याच रसवंतीवर, स्वतःचे स्टीलचे पेले घेऊन. मावशींना ते पेले इतके आवडले की रस काठोकाठ भरून मिळायचा.

पण शिदोरीचं काय? पहाटे पाचला निघायचं तर चारला उठून स्वयंपाक कोण करणार? इथे आमच्या खालच्या मजल्यावरच्या अव्वा मदतीला आल्या. घरी कानडी बोलतात, आमच्याशी मराठी, आणि भाकरीच्या बाबतीत आमच्या अख्ख्या गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाल्या, "कडक भाकरी करून ठेव की. पंधरा दिवस बघायला नको." कडक भाकरी मी आयुष्यभर विकत आणून खाल्ली होती, केली कधीच नव्हती. म्हटलं, शिकवा.

शिकायला तीन दुपारी लागल्या. ज्वारी मंगळवेढ्याची, मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि मालदांडीचा 35-1 हा वाण आपल्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघाला. काळ्या रानात रब्बीला पेरतात, जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर हे पीक येतं. पाण्याची ओढ असलेल्या आमच्या मुलखाला शोभेल असं धान्य. अव्वांनी सकाळीच दळून आणायला लावली. शिळ्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी कडेला फाटते. पीठ उकळत्या पाण्याने भिजवून त्यांनी तळहाताच्या टाचेने इतकं मळलं की लोण्यासारखं झालं. मग परातीत कोरडं पीठ भुरभुरून थापणं सुरू. गोळा बोटांखाली गोल फिरत होता आणि पातळ होत होता, इतका की शेवटी परातीचा रंग पिठातून दिसायला लागला. मी थापली ती तिसऱ्या थापेला फाटली. अव्वा म्हणाल्या, "निधान, निधान." म्हणजे सावकाश. "हात मारायचा नाही, हात फिरवायचा."

तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, पाणी आटलं की उलटायची, मग मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत भाजायची. एवढ्याने ती नुसती भाकरी झाली. कडक व्हायला तिला वाळवावी लागते. थंडीत चुलीच्या कडेला उभ्या लावून ठेवतात. मेमध्ये त्याचीही गरज नाही. अव्वांनी दुरड्या पालथ्या घातल्या, त्यावर भाकरी टेकवल्या, आणि दोन तासांत त्या पापडासारख्या वाजायला लागल्या. भाकरीत ओल उरली नाही की बुरशी नाही, वास नाही, फ्रीज नाही. माठ ज्या हवेने गार होत होता त्याच हवेने भाकरी वाळत होती. ज्या कोरडेपणाला मी इतकी वर्षं नावं ठेवली, तो मला त्या दुपारी पहिल्यांदा आपला वाटला.

तिसऱ्या दुपारी माझी एक भाकरी अखंड निघाली. अव्वांनी ती हातात घेऊन टिचकी मारली, ऐकली, आणि वेगळी ठेवली. "ही मी खाणार." मला शाळेत बक्षीस मिळालं होतं तेव्हासुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

सोबत शेंगा चटणी. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ, उखळात. मिक्सरमध्ये नुसता भुगा होतो. उखळात कुटताना दाण्याचं तेल सुटतं, चटणी गोळा होऊन मुसळाला चिकटते, आणि तीच खरी. भाच्याने शंभर ठोके मोजून घातले.

आता हिप्परग्याची पहाट. या पंधरा दिवसांतली सगळ्यात मोठी सहल तीच, आणि खर्च सगळ्यात कमी. तुळजापूर रस्ता मोठ्या गाड्यांचा, तिथे पोरांना सायकलवर न्यायची माझी हिंमत नव्हती. पहाटेची एसटी पकडली. बायकांना तिकीट अर्धं, बाराच्या आतल्या मुलांना अर्धं, त्यामुळे आम्हा चौघांचीही अर्धी तिकिटं. वाहकाने हसत फाडून दिली. शहर मागे पडलं न पडलं तोच उतरलो.

हिप्परग्याचा तलाव म्हणजे कागदोपत्री एकरुख तलाव. 1871 साली पुरं झालेलं मातीचं धरण, अदिला नदीवर. सोलापूरला प्यायचं पाणी उजनीतून येतं, टाकळीहून येतं, तसं इथूनही. पोरांना मी एवढंच सांगितलं की तुम्ही काल प्यायलेल्या माठात हा तलाव असू शकतो. ती एकदम गप्प झाली आणि पाण्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली.

मेमध्ये पाणी खूप मागे हटलेलं असतं. काठाला भेगाळलेला गाळ, पुढे चिखल, मग पाणी. हिवाळी पाहुणे पक्षी केव्हाच उत्तरेला गेलेले. मला वाटलं होतं काही दिसणार नाही. पण उजाडलं तसं एकेक दिसायला लागलं. लाल काड्यांसारख्या पायांवर शेकाट्या चिखलात चालत होत्या. राखी बगळा पुतळ्यासारखा उभा. नदीसुरय पाण्यावर घिरट्या घालून मध्येच दगडासारखा कोसळायचा. तारेवर वेडे राघू. दुर्बीण एकच, तीही शेजाऱ्यांची मागून आणलेली, तिच्यासाठी पाळ्या लागल्या.

भाचा थोडा पुढे चालत गेला आणि टिटवीने एकच गिल्ला केला. डोक्यावरून झेपा, टिटिव-टिटिव. मी त्याला हाक मारून जागच्या जागी थांबवलं, मागे बोलावलं. जमिनीवर अंडी असणार. टिटवी घरटं असं करतच नाही, खड्यांमध्ये अंडी घालते आणि अंडी खड्यांसारखीच दिसतात. आम्ही बरेच मागे सरकून बाभळीखाली बसलो. टिटवी शांत झाली, तुरुतुरु चालत आली आणि एका जागी अंग फुलवून बसली. अंडी आम्हाला शेवटपर्यंत दिसली नाहीत, तिची जागा तेवढी कळली.

सात वाजत आले, ऊन टोचायला लागलं. टिटवी उठली. भाची दुर्बिणीतून बघत होती. "आत्या, ती पाण्यात बसली. बुडवतेय पोट. आता परत चाललीय." टिटवी चिखलातून परत आली, ओल्या पोटाने तशीच अंड्यांवर बसली. मी वाचलं होतं की उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसं भिजवून अंडी गार ठेवते. डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं. आणि मी काही समजावून सांगायच्या आधीच भाचा म्हणाला, "म्हणजे ती पण ओलं फडकं लावतेय."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मागच्या रविवारी त्याच्याच डोक्यावर ते फडकं होतं.

तिथेच बाभळीखाली शिदोरी सोडली. कडक भाकरीचे तुकडे, शेंगा चटणी, कांदा बुक्कीने फोडलेला, पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर. भाकरी मोडताना इतका आवाज झाला की टिटवीने मान वर केली. आमच्या आजूबाजूला मात्र थर्माकोलच्या ताटल्या, दारूच्या आणि पाण्याच्या बाटल्या, फाटके वेष्टनांचे तुकडे. प्यायच्या पाण्याच्या काठावर! मला रडू यायचं बाकी होतं. त्या टिटवीच्या अंड्यांपासून वीस पावलांवर फुटलेली काच पडली होती. आम्ही पिठाची एक रिकामी गोणी अंथरायला म्हणून नेली होती, ती भरली. काच मी एकटीने उचलली, पोरांना हात लावू दिला नाही. गोणी एसटीतून घरी आणली, दुसऱ्या दिवशी घंटागाडीत दिली. एका गोणीने तो काठ स्वच्छ झाला नाही हे मला माहीत आहे. तरी पुढच्या वेळी दोन गोण्या न्यायच्या हे पोरांनीच ठरवलं.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा विचारही झाला होता. भाचीला काळवीट बघायचं होतं. पण गवत वाळून गेलेलं, आत फिरायला गाडी लागणार, आणि रखरखीत माळावर आधीच पाण्याला मोताद झालेल्या जनावरांना आपण कशाला त्रास द्यायचा? पाऊस पडून माळ हिरवा झाला की जाऊ, असं म्हणून सोडून दिलं.

संध्याकाळ सिद्धेश्वराची. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा तरी. गणपती घाटावरून पाण्यावरचा वारा घेत मंदिरापर्यंत चालायचं. चोहोबाजूंनी पाणी आणि मध्ये मंदिर, पलीकडे भुईकोट किल्ल्याचे बुरूज. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना सोबत घेऊन हा तलाव खोदला असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नऊशे वर्षांपूर्वी या कोरड्या गावात एका माणसाला पहिल्यांदा पाण्याचं सुचलं, आणि त्याच पाण्यावरून आलेला वारा आज माझ्या पोरांच्या अंगाला लागतो, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं. दर्शन घेऊन फरशीवर मांडी घालून बसायचं. फरशी आठ वाजले तरी ऊबदार असायची.

एक दुपार मात्र आम्ही मुद्दाम उन्हात गेलो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. साडेबाराच्या थोडं आधी ओले टॉवेल डोक्याला बांधून, पायात चपला घालून गच्चीवर. स्टीलची बाटली, लाटणं आणि आजोबांची काठी उभी केली. बाटलीची सावली आक्रसत आक्रसत बुडाखाली गेली आणि दिसेनाशी झाली. लेक स्वतःभोवती गोल फिरून सावली शोधत होती, पायांखाली एक डबकं तेवढं होतं. पाच मिनिटांत खाली पळालो. मुंबईपासून आमच्यापर्यंत प्रत्येक गावाचा हा दिवस वेगळा, आणि पुण्याचा आमच्यानंतर दोन-चार दिवसांनी. भाच्याने लगेच बाबांना फोन लावून बजावलं की तुमच्याकडे अजून व्हायचाय, विसरू नका.

रात्री झोपायला गच्ची. सूर्य मावळला की फरशीवर कपड्यांचंच उरलेलं पाणी शिंपडायचं, वाफ निघून जाऊ द्यायची, नऊनंतर सतरंजी आणि वर वाकळ. वाकळा माझ्या आईच्या हातच्या. आमच्या पूर्व भागात गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ, तिथल्या चिंध्या तिने वर्षानुवर्षं जमवल्या होत्या. भाचीने एका वाकळेत खाकी, निळा, चौकडीचा असे अकरा शाळांचे तुकडे मोजले. वर सप्तर्षी, त्यांच्या शेपटीचा बाक धरून पुढे गेलं की स्वाती, आणखी पुढे चित्रा. मधूनच लांबून यंत्रमागाची खटखट यायची, आणि ती ऐकतच पोरं झोपायची.

शेवटच्या आदल्या रात्री दोन वाजता वळीव आला. आधी धुळीचा वारा, मग टपोरे थेंब. वाकळा गोळा करून जिन्यात पळालो, खाली अव्वा दारात उभ्या होत्या, दुरड्यांवरच्या भाकऱ्या पदराखाली झाकून. "पोरांच्या आहेत," एवढंच म्हणाल्या. दमट हवेत भाकरी मऊ पडते, म्हणून त्या रात्री त्यांनी त्या पुन्हा तव्यावर शेकल्या.

सकाळी भाऊ न्यायला आला. चौदा भाकऱ्या एका सोलापुरी टॉवेलात बांधल्या, डब्यात मावल्या नसत्या. भाच्याने ते बोचकं वर सामानाच्या फळीवर ठेवू दिलं नाही. एसटीत खिडकीपाशी बसला, मांडीवर उभं धरून, दोन्ही हातांनी. रात्री त्याचा फोन आला. चौदातली एकच मोडली होती, आणि तीही टेंभुर्णीला बाबांनी खाण्यासाठी मोडली होती.